भूत नको, नियम सांगा

लहानपणी मला भुताची गोष्ट अशी कुणी सांगितलीच नाही. माझं आजोळ मालवण तालुक्यातलं, त्यामुळे लोकांना वाटतं की तिथे रोज रात्री कंदिलाभोवती बसून पोराटोरांना भुताखेतांच्या गोष्टी सांगत असतील. पण आजीकडे गोष्टी नव्हत्या, तिच्याकडे नियम होते. तिन्हीसांजेला केस मोकळे सोडायचे नाहीत. रात्री शीळ घालायची नाही. रात्री नखं कापायची नाहीत. तिठ्यावर नारळ, लिंबू, पैसे, काहीही पडलेलं असलं तरी ओलांडायचं नाही, बाजूने जायचं. आणि रात्री बाहेरून हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही, तीन हाका होऊ द्यायच्या. "तिनदा हाक इली तरच बोल गो," एवढंच. का, असं विचारलं तर ती सरळ कामाला लागायची. चुलीत हात घालू नको म्हणताना कुणी कारण सांगत बसत नाही, तसंच होतं ते तिच्यासाठी.

मग मी अंथरुणात पडून हाका मोजायचे. कुणाच्याही. पलीकडच्या घरात कुणी कुणाला हाक मारली तरी मनात एक, दोन सुरू व्हायचं आणि तिसरी आली की सुटल्यासारखं वाटायचं. आणि कधी कधी तिसरी यायचीच नाही. कारण साधं असणार, ज्याला हाक मारली तो आला असेल, पण मला ते माहीत नसायचं, मी फक्त ऐकत पडलेली असायचे.

मी आज भयकथा लिहिते, बरीच वर्षं लिहितेय, आणि ह्या प्रकाराबद्दल मला जे काही कळलंय ते जवळजवळ सगळं त्या न आलेल्या तिसऱ्या हाकेत आहे असं मला मनापासून वाटतं. भूत दिसलं की भीती उतरायला लागते. ते कितीही भयंकर लिहा, उलटे पाय, पांढरे डोळे, काय हवं ते, वाचक त्याच्याकडे बघतो, त्याचं माप घेतो आणि आता हे आहे तर असं मनाशी ठरवून टाकतो. नियमाचं तसं होत नाही. नियम सांगितला की वाचकाच्या डोक्यात दोन गोष्टी आपोआप सुरू होतात, एक म्हणजे हा आधी कुणीतरी मोडला असणार, त्याशिवाय तो नियम झालाच नसता, आणि दुसरी म्हणजे आता इथे कुणीतरी तो मोडणार आहे. ह्या दोघांच्या मधे वाचक अडकतो आणि मला तो तिथेच हवा असतो.

हे मला काही एका दिवसात सुचलं नाही अर्थात. आधी वाचन आलं. डोंबिवलीत आमच्या घराजवळच्या वाचनालयात नारायण धारपांची पुस्तकं इतकी फिरलेली असायची की कव्हरं चिकटपट्टीने जोडलेली, आणि कोणीतरी पेन्सिलने "रात्री वाचू नये" असं लिहून ठेवलेलं. धारप १९२५ ते २००८. मराठीत भयकथा म्हटलं की आधी त्यांचंच नाव येतं आणि ते योग्यच आहे. त्यांच्याकडून मी जी गोष्ट घेतली ती म्हणजे घर. त्यांच्या कथेतली माणसं साधी, नोकरीधंदा करणारी, भाडं भरणारी, आणि सगळं आधी नीट, व्यवस्थित, थोडं कंटाळवाणं सुद्धा चाललेलं असतं. ती कंटाळवाणी पानं फार महत्त्वाची असतात हे मला खूप नंतर कळलं. कपाट कुठे आहे, जिना किती अरुंद आहे, खिडकीला कडी आहे की नाही हे वाचकाच्या अंगवळणी पडल्याशिवाय पुढे काहीही हललं तरी त्याला काय फरक पडणार. आणि त्यांच्या कथांतले, दुष्ट शक्तींशी लढणारे ते समर्थ! लहान असताना समर्थ कथेत आले की मी पाय पांघरुणाबाहेर काढायचे, इतका धीर यायचा.

रत्नाकर मतकरी (१९३८ ते २०२०) मी कॉलेजात वाचले आणि तिथे समर्थ नव्हते, धीर द्यायला कोणीच नव्हतं. ते आपल्या कथांना गूढकथा म्हणायचे. बालनाट्यात चेटकीण आणून पिढ्यानपिढ्या मुलांना ज्यांनी हसवलं त्याच माणसाने ह्या कथा लिहिल्या हे मला अजूनही नवलाचं वाटतं. त्यांच्याकडे भीती बाहेरून येतच नाही, ती त्या माणसाला आधीपासून काहीतरी हवं असतं तिथून येते. मत्सर असतो, अपराध असतो, एकटेपणा असतो. हे दोन्ही माझ्यात नीट मिसळायला वेळ लागला, घर धारपांकडून आणि माणसाची इच्छा मतकरींकडून, आणि नियम आजीकडून.

आता मी नेमकं कसं काम करते ते सांगते, कारण बरेच जण तेच विचारतात.

माझ्याकडे एक वही आहे आणि तीत फक्त नियम आहेत. भुतांच्या गोष्टी नाहीत. मी कुणालाही "तुम्ही भूत बघितलंय का" असं विचारत नाही, कारण त्या प्रश्नावर माणूस एकतर छाती पुढे काढून "छे, मी नाही मानत" म्हणतो नाहीतर टीव्हीवर बघितलेलं सांगतो. मी विचारते, तुमच्याकडे रात्री काय करत नाहीत? किंवा तुमच्या कामात काय बोलत नाहीत? ह्या प्रश्नावर माणसं थांबतात, विचार करतात, आणि मग जे सांगतात ते सोनं असतं. लोकलमध्ये माझ्या डब्यात एक नर्स होती, तिने सांगितलं की नाइट ड्युटीला "आज वॉर्ड शांत आहे" हे वाक्य कोणी तोंडातून काढत नाही, नवीन मुलगी बोलली तर सिनियर तिच्याकडे नुसती बघते. सोलापूरकडच्या एका बाईंनी सांगितलं की दिवेलागणीनंतर मीठ उसनं देत नाहीत, दूध-दही पण नाही. विदर्भातल्या एका काकांनी चकव्याचं, म्हणजे वाट चुकवून फिरवणाऱ्या भुताचं सांगितलं, की रानात एकच झाड दुसऱ्यांदा दिसलं की पुढे चालायचं नाही, आहे तिथे खाली बसायचं आणि उजाडेपर्यंत उठायचं नाही. आमच्या शेजारच्या नव्या टॉवरचा वॉचमन रात्री लिफ्ट कधीच वरच्या मजल्यावर ठेवत नाही, खाली आणून दार उघडं ठेवतो. का, तर म्हणाला, "वरून कोणी बोलावलं तर कळायला पाहिजे ना." ह्यावर मी पुढे काही विचारलं नाही. अशा वेळी पुढचं विचारायचं नसतं, समोरचा स्पष्टीकरण द्यायला लागतो आणि नियम तिथेच मरतो.

प्रत्येक नियमाखाली मी गाव लिहिते, सांगणाऱ्याचं काम लिहिते, आणि तो कशा आवाजात सांगितला ते लिहिते. हसत, की खाली बघत, की इकडेतिकडे बघून. हे शेवटचं सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, कारण कथेत तो नियम कोणाच्या तरी तोंडून यावा लागतो आणि तो जर गंभीर चेहऱ्याने, ढगांच्या गडगडाटात सांगितला ना, तर गेलं सगळं. खरे नियम लोक भाजी निवडताना सांगतात.

पुढची पायरी अवघड, आणि तिलाच महिने लागतात. हा नियम कोण मोडणार? शहरातून आलेली चार पोरं दारू पिऊन हसत हसत मोडतात ती कथा मला लिहायची नाही, ती पोरं मेली तरी वाचकाला काही वाटत नाही. मला असा माणूस हवा असतो ज्याला तो नियम नीट माहीत आहे, त्यावर त्याचा पूर्ण विश्वास आहे, आणि तरी त्याला तो मोडावाच लागेल. मूल आजारी आहे आणि वाट तीच एक आहे. किंवा जे माणूस गेलं त्याच्यावर फार जीव होता. असं कारण सापडलं की कथा स्वतःहून चालायला लागते, आणि नाही सापडलं तर ती वहीतच राहते, मग नियम कितीही भारी असो.

गावपळणीचं उदाहरण देते, म्हणजे कळेल.

सिंधुदुर्गात काही गावांत गावपळण असते. आचरा, चिंदर ही त्यातली मालवण तालुक्यातली नावाजलेली. दर तीन-चार वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल घेतात, आचऱ्याला रामेश्वराचा, आणि कौल मिळाला की सगळं गाव तीन दिवस तीन रात्री घरदार सोडून वेशीबाहेर राहायला जातं. सगळं म्हणजे खरंच सगळं, म्हातारी माणसं, तान्ही पोरं, गुरं, कुत्री, कोंबड्या सुद्धा. वेशीबाहेर माळावर झोपड्या बांधतात, तिथे चुली पेटतात, भजनं होतात, पत्ते रंगतात, मुंबईचे चाकरमानी मुद्दाम रजा काढून येतात. भीतीचं वातावरण अजिबात नसतं, उलट इतका आनंद असतो की काय सांगू, जी घरं एरवी बांधावरून भांडतात ती शेजारी शेजारी झोपड्या बांधून एकमेकांना माशाची आमटी देतात. तीन दिवसांनी परत कौल होतो आणि मग गाव भरतं.

मी पाहुणी म्हणून अशा माळावर राहिले आहे. रात्री सगळे गप्पा मारत होते, आणि थोड्या अंतरावर ते गाव होतं. एकही दिवा नाही, एकही कुत्रं भुंकत नाही, शेकडो घरं कड्या लावून उभी. बाजूला बसलेल्या एका आजोबांनी बिडी ओढत अगदी सहज सांगितलं, "तीन दिस गाव तेंचो." बास. कोणाचा ते नाही सांगितलं आणि लगेच जेवणाचं काय झालं म्हणून आत गेले.

हा वहीतला सगळ्यात मोठा नियम आहे, कारण तो एका माणसाचा नाही, अख्ख्या गावाचा आहे. आणि खूप दिवस मला कळत नव्हतं की तो मोडणार कोण. गावातलं कुणी कशाला मोडेल? सगळे आनंदाने जातात. मग एक दिवस ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर उभी असताना, डोक्यात भलतंच काहीतरी चालू असताना, ती बाई दिसली मला. म्हणजे कथेतली. तिचा मुलगा ट्रॉलरवर गेलाय आणि परत आला नाही, मृतदेह मिळालेला नाही. लोक म्हणतात गेला. ती म्हणते, आला तर? ह्या तीन दिवसांत आला आणि घराला कडी दिसली तर? त्याला वाटेल आपल्याला कोणी नाही. म्हणून ती सगळ्यांबरोबर माळावर जाते आणि रात्री गुपचूप परत येऊन स्वतःच्या घरात बसते. दिवा न लावता.

इथे आजीचा नियम आपोआप येऊन बसला. रात्री हाक येते, "आये". त्याच्याच आवाजात. मग दुसरी, आणि तिसरी येत नाही. ती सगळी रात्र दाराला कान लावून बसते. दुसऱ्या रात्री पुन्हा तसंच, दोन हाका. आता तिसरी रात्र, उद्या सकाळी गाव परत येणार, म्हणजे हा शेवटचा चान्स, आणि तिला एव्हाना कळलंय की तिसरी हाक येणार नाही. कधीच येणार नाही.

ह्यापुढे मी अडकले होते. ती दार उघडते असं लिहिलं तरी पुढे काहीतरी दाखवावं लागत होतं, आणि नाही उघडत असं लिहिलं तर ती आई राहत नव्हती. माझी बहीण ही माझी पहिली वाचक, वाचक म्हणजे ऐकणारी, मी तिला फोनवर मोठ्याने वाचून दाखवते. ती कुकर लावता लावता ऐकत होती आणि मधेच म्हणाली, "मग तीच का नाही मारत हाक?" मी फोन तसाच धरून किती वेळ बसले होते कोण जाणे. कारण तेच होतं. दोन हाका त्याच्या झाल्यात, तिसरी ती मारते, आतून, त्याचं नाव घेऊन. आणि बाहेरून ओ येते. कथा तिथे संपते.

मोठ्याने वाचणं हा माझ्या कामाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि तो मी कधीच सोडत नाही. कानाला जे कळतं ते डोळ्याला कळत नाही. ऐकणारा "मग?" म्हणाला की समजायचं गाडी रुळावर आहे, तो "हं" म्हणाला की तिथे दोन परिच्छेद जास्त झालेत. आणि मराठी तर भीतीसाठी इतकी सोयीची भाषा आहे की मला तिचा अभिमान वाटतो. आपलं क्रियापद शेवटी येतं. "माळ्यावरच्या त्या जुन्या पेटीच्या मागे, भिंतीला अगदी चिकटून, गुडघे पोटाशी घेऊन..." इथपर्यंत वाचकाला काहीच माहीत नसतं की काय होतंय, कोण आहे, बसलंय की मेलंय की हसतंय, सगळं शेवटच्या शब्दावर. तेवढा वेळ वाचक श्वास धरून असतो आणि तो वेळ किती ताणायचा हे आपल्या हातात असतं. तसंच लिंगाचं. अनोळखी काही असलं की आपण नपुंसकलिंग वापरतो, कोण आलं, कुणीतरी आलं. गावपळणीच्या कथेत ती आई पहिल्यापासून मुलाला "तो" म्हणते, तो आला, तो उभा असेल, तो भिजला असेल. ओ आल्यानंतरच्या एकाच वाक्यात मी ते बदललं. दाराबाहेर ते हललं. बाकी काही वर्णन नाही. ज्यांनी कथा वाचली त्यातले बहुतेक जण त्या वाक्यापाशी थांबल्याचं सांगतात, काहींना तर का थांबलो ते कळलंही नव्हतं.

आता थोडं भुतांबद्दल, कारण भुतं मी टाळते असा गैरसमज नको. उलट त्यांचा अभ्यास मी खूप प्रेमाने केलाय. एक जुनं पुस्तक आहे, इंग्रजांच्या काळातलं, एन्थोवेन नावाच्या अधिकाऱ्याने संपादित केलेलं, कोकणातल्या लोकसमजुतींच्या नोंदी, १९१५ सालचं. त्यातलं मूळ साहित्य जमवलं होतं जॅक्सनने, तोच नाशिकचा कलेक्टर, ज्याला १९०९ च्या डिसेंबरमध्ये अनंत कान्हेरेंनी नाटकगृहात गोळ्या घातल्या. शाळेत आपण जॅक्सन फक्त त्या एका प्रसंगापुरता शिकतो. त्याने गावोगावच्या शाळामास्तरांकडून प्रश्न पाठवून माहिती मागवली होती, आणि ते मास्तर आपल्या गावात काय मानतात ते लिहून पाठवत होते. मला त्या मास्तरांचं फार कौतुक वाटतं. पावसाळ्यात, कौलारू शाळेत बसून, कोणीतरी बोरूने वेताळ, समंध, देवचार, खवीस, झोटिंग, गिऱ्हा ह्यांची माहिती सरकारी कागदावर लिहितोय. ते कागद माझ्या वहीचे खरे पूर्वज.

ह्या याद्या नीट वाचल्या की अंगावर वेगळाच काटा येतो. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. सवाष्ण गेलेली जखीण, विधवा लावसट. मुंज झालेला पण लग्न न झालेला मुलगा गेला की मुंजा, पिंपळावर. ब्राह्मण मेला तर ब्रह्मसमंध, बाकीच्यांची भुतं वेगळी, म्हणजे मेल्यावर सुद्धा जात सुटली नाही आणि बाईचं तर नवरा आहे की नाही हेही सुटलं नाही. ही भुतांची यादी नाहीच, त्या समाजात कोण कसं आणि किती अवेळी मरत होतं त्याची यादी आहे. बाळंतपणात इतक्या बाया मरायच्या की त्यांच्यासाठी वेगळं नाव लागलं! आणि मरण आलं ते तिला, भीती मात्र तिचीच वाटून घेतली लोकांनी. पुरायला नेताना वाटेवर नाचणी, मोहऱ्या टाकायचे, की ती वेचत बसावी आणि घरी परत येऊ नये. घरी तिचं तान्हं मूल होतं, ती कशासाठी परत येईल ते सगळ्यांनाच माहीत होतं ना.

म्हणून माझ्या कथेत हडळ आली तर ती कुणाची तरी आई असते हे मी विसरत नाही. आणि एक पथ्य मी कडक पाळते, माझ्या कथेत भगत, मांत्रिक येऊन कुणाला बरं करत नाही, आणि कथेतल्या कुठल्याही जिवंत बाईला करणी करणारी, चेटकीण म्हणून खरी ठरवत नाही. हे फक्त आवडीनिवडीचं नाही. ज्या राज्यात २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि त्यानंतर कुठे त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्या राज्यात बसून मी लिहिते. कुणा एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे माझी कथा वाचून कोणी वाकड्या नजरेने बघितलं तर ते माझ्यावर आहे. भयकथा लिहिणाऱ्याने हे स्वतःला विचारायलाच हवं असं माझं ठाम मत आहे आणि ह्यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

मग विचारतात, तुझा विश्वास आहे का? नाही. अजिबात नाही. आणि त्याने कथेचं काही बिघडत नाही. मला विक टँडी नावाच्या एका इंग्लिश इंजिनियरची हकीकत फार आवडते. तो एका लॅबमध्ये रात्री एकटा काम करत होता, अचानक थंड घाम, अस्वस्थ, आणि डोळ्याच्या कडेला काहीतरी करडं, मान वळवली की नाहीसं. लॅब झपाटलेली आहे अशी बोलवा होतीच. दुसऱ्या दिवशी त्याने तलवारबाजीच्या स्पर्धेसाठी आपलं पातं तिथे लोखंडी पकडीत अडकवलं आणि ते आपोआप थरथरायला लागलं. शोधत गेला तर नवा बसवलेला एक पंखा निघाला, त्यातून कानाला ऐकू न येणारी, साधारण १९ हर्ट्झची कंपनं त्या खोलीत घुमत होती. पंख्याची दुरुस्ती केली, भूत गेलं. १९९८ मध्ये त्याने त्यावर पेपर लिहिला. लोक ही गोष्ट "बघा, भूत वगैरे काही नसतं" म्हणून सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण मी लिहिणारी म्हणून दुसरीकडे बघते. स्पष्टीकरण नंतर उजेडात सापडलं. त्या रात्री मात्र तो माणूस त्या खोलीत एकटा होता, आणि त्या रात्रीचा घाम खरा होता. मला ती रात्र लिहायची असते.

आरवलीचा वेतोबा आठवतो मला ह्या संदर्भात. वेंगुर्ला तालुक्यात आहे, कधी गेलात तर जरूर बघा. वेताळ म्हणजे भुतांचा राजा, पण इथे तो गावाचा राखणदार. त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि हे मोठाले चामड्याचे जोडे अर्पण करतात, कारण तो रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि जोडे झिजतात असं मानतात. लहान असताना ते जोडे बघून मला भीती वाटली होती आणि त्याच रात्री, कोणीतरी बाहेर फिरतंय आपल्यासाठी, असं वाटून शांत झोपही लागली होती. ही दोन्ही एकदम वाटणारी जी जागा आहे ती मला कथेत आणायचीय आणि अजून मनासारखी जमलेली नाही. जमेल.

रोजचं म्हणाल तर मी पहाटे लिहिते, ऑफिसच्या आधी, बाहेर दूधवाले, पेपरवाले सुरू झालेले असतात तेव्हा. लोकांना वाटतं ही रात्री मेणबत्ती लावून लिहीत असेल. रात्री मला नीट लिहिता येत नाही, कारण रात्री सगळंच भीतीदायक वाटतं, साधं वाक्यही. सकाळच्या उजेडात, कुकरच्या शिट्टीत जे वाक्य मला अस्वस्थ करतं तेच ठेवायचं, बाकीचं काढायचं, ही माझी चाळणी. मग दुपारी डब्याच्या सुट्टीत प्रिंट काढून हाताने दुरुस्त्या, आणि रविवारी बहिणीला फोन.

वर्षाचं चक्र मात्र दिवाळी अंकांवर फिरतं. १९०९ मध्ये का. र. मित्र ह्यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा, आणि त्यात 'नवल', 'धनंजय' सारख्या अंकांनी गूढ आणि भय ह्यांना जो हक्काचा कोपरा दिला त्याबद्दल आपण सगळ्यांनी त्यांचं ऋणी असायला हवं. दिव्यांच्या सणाला, फराळाच्या ताटाशेजारी, घरातली माणसं भुताची कथा वाचतात, हे किती छान आहे! अंकासाठी लिहायचं तर कथा पावसाळ्यात हातावेगळी व्हावी लागते, आणि कोकणातला नाहीतर डोंबिवलीतला असो, पाऊस ह्या कामाला चांगला. लाइट जातात, रातकिडे ओरडत असतात. एक सांगते, रातकिड्यांचा आवाज लिहून भीती येत नाही, तो मधेच थांबल्याचं लिहिलं की येते. हे मी आजीच्या पडवीत शिकले.

हल्ली ऑडिओसाठी पण लिहिते आणि तिथे सगळं पुन्हा शिकावं लागतंय, कारण ऐकणारा मागचं पान उलटून बघू शकत नाही. नियम तीनदा, तीन वेगळ्या माणसांच्या तोंडून सांगावा लागतो, नाहीतर तो मोडला तेव्हा ऐकणाऱ्याच्या लक्षातच राहिलेलं नसतं.

सध्या त्या नर्सच्या नियमावर काम चालू आहे. वॉर्ड ठरलाय, पलंग किती, दिवा कुठला बिघडलेला, डॉक्टरांची खोली कुठे, सगळं काढून ठेवलंय कागदावर. "आज शांत आहे" हे वाक्य कोण बोलणार तेही ठरलंय, नवी मुलगी नाही, तीस वर्षं नाइट केलेली, निवृत्तीला आलेली सिस्टर. ती मुद्दाम बोलणार आहे, सगळं माहीत असून. का बोलते ते अजून मला सापडलेलं नाही, त्यामुळे पहिलं वाक्यही लिहिलेलं नाही, आणि जूनच्या आत ते सापडायला हवं. तुमच्यापैकी कोणी नाइट ड्युटी केली असेल, हॉस्पिटलच नाही, कुठलीही, तर तिथे काय बोलत नाहीत ते मला कळवा. गाव आणि काम लिहा, कारण लिहू नका.